राइट-क्लिकमधली गर्दी

एक काम करा. समोरच्या कॉम्प्युटरवर कुठल्याही फाइलवर राइट-क्लिक करा आणि मेनूत किती ओळी येतात ते मोजा. मी थांबतो.

किती आल्या? १५? २०? माझ्या ऑफिसच्या मशीनवर ३१ आल्या होत्या, तेही उपमेनू न धरता. त्यातल्या मी वापरतो किती, तर ६. उरलेल्या २५ ओळींना मी न वाचता ओलांडायला शिकलोय, एसटी स्टँडवर झोपलेल्या कुत्र्यांना ओलांडतो तसं. दोन झिप करणारे प्रोग्रॅम, तीन एडिटर, एक अँटीव्हायरस, क्लाउडवर फाइल ठेवणारे दोघंजण आणि ग्राफिक कार्डाचं कायतरी. यातल्या एकानेही कधी "येऊ का?" असं विचारल्याचं आठवत नाही. विचारलंच असेल तर इन्स्टॉलच्या तिसऱ्या पानावर, आधीच बरोबरची खूण केलेल्या चौकोनात.

माउसच्या टोकाशी मेनू उगवण्याची कल्पना तशी जुनी. झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात स्मॉलटॉक नावाची भाषा तयार झाली. तिच्या पडद्यावर असे मेनू होते आणि माउसला ३ बटणं होती. मग १९८३ साली ॲपलची लिसा आली, १९८४ ला मॅकिंटॉश, आणि त्यांच्या माउसला एकच बटण. राइट-क्लिकचा प्रश्नच मिटला! (मॅकवर कंट्रोल दाबून क्लिक केल्यावर मेनू यायला लागला तो १९९७ च्या मॅक ओएस ८ मध्ये.) तुमच्या-माझ्या बोटाला ही सवय लावली ती विंडोज ९५ ने.

कल्पना मात्र झकास आहे. आधी वस्तूवर बोट ठेवायचं, मग विचारायचं, की हिचं काय काय करता येईल? नाम आधी, क्रियापद नंतर. म्हणजे थेट मराठी वाक्याची रचना: "फाइल उघड", "फाइल छाप". विंडोजच्या आतल्या भाषेतही या ओळींना व्हर्ब, म्हणजे क्रियापदच म्हणतात. मेनूत ठळक अक्षरात दिसणारी ओळ हे त्या फाइलचं मुख्य क्रियापद. डबल-क्लिक केल्यावर तेच चालतं.

गोची अशी, की या वाक्यात कुणीही येऊन आपलं क्रियापद घुसवू शकतो. त्याचे दोन प्रकार. पहिला साधा: रजिस्ट्रीत एक नोंद, ओळीचं नाव काय आणि क्लिक केल्यावर कुठली कमांड चालवायची. अशी ओळ नुसती पाटीसारखी लटकून असते, कुणाला त्रास देत नाही. दुसरा प्रकार शेल एक्स्टेंशनचा, आणि हा जरा आगाऊ. इथे प्रोग्रॅम स्वतःची डीएलएल फाइल नोंदवून ठेवतो. तुम्ही राइट-क्लिक केलंत की विंडोज एक्सप्लोरर अशा प्रत्येक डीएलएलला विचारतो, "या फाइलबद्दल तुला काही म्हणायचंय का?" प्रत्येकाचं उत्तर येईपर्यंत मेनू उघडत नाही. शिवाय ही सगळी मंडळी एक्सप्लोररच्याच घरात, त्याच्याच प्रोसेसमध्ये राहतात. त्यातला एक झोपला की सगळे ताटकळतात. एक कोसळला की टास्कबारसकट सगळं गायब होऊन परत येतं.

हे सगळं मला पुस्तकी पातळीवर ठाऊक होतं. त्याची किंमत कळली ती २०२४ च्या दिवाळीत, मामाकडे.

मामाचं कराडला डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, पावतीपुस्तकं, गणपतीत मंडळांचे अहवाल. ऑफसेट दुसरीकडे, मामाकडे फक्त टाइप करणं, जुळवणं, प्रूफ काढणं. २५ वर्षं हेच काम. दोनेक वर्षांपासून त्याच्या उजव्या हाताला कंप आहे. फार नाही, चहाचा कप बशीत ठेवताना आवाज होतो इतपत. पण त्या दिवाळीत मामी मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच म्हणाली, "यंदाची तुळशीची लग्नं झाली की बंद करतायत म्हणे दुकान. तू बोल की जरा."

मी दुकानात जाऊन बसलो. मामाची तक्रार दोन कलमी होती. एक, मशीन म्हातारं झालंय, साध्या राइट-क्लिकला दहा-दहा सेकंद घेतं. दोन, फाइली आपोआप गायब होतात. कॉम्प्युटरवाल्या पोराला दाखवलं तर त्याने व्हायरस असेल म्हणून मशीन फॉरमॅट करायला सांगितलं, आणि शेवटी नवंच घ्या म्हणाला, ४२ हजार. मामा म्हणाला, "हातबी गेला आणि मशीनबी गेलं. दोघांवर किती खर्च करायचा, भाचेबुवा?" हे हसत म्हणाला, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

मी पहिल्यांदा रिसायकल बिन उघडलं. आत ११ लग्नपत्रिका होत्या. त्यातल्या दोन मामाने रात्री बसून पुन्हा टाइप केल्या होत्या, एकीत तर 'आपले नम्र' खाली ६० नावं!

व्हायरस कसला. थोडा वेळ मामाला काम करताना पाहिल्यावर सगळा उलगडा झाला. तो फाइलवर राइट-क्लिक करी. काहीच होत नसे. पाच-सहा सेकंदांनी त्याला वाटे, हात हलला, क्लिक नीट बसली नाही. म्हणून तो पुन्हा क्लिक करी. ती दुसरी क्लिक रांगेत उभी राही. दरम्यान मेनू एवढा लांब झालेला, की पडद्यावर खाली जागा न पुरल्याने तो वरच्या दिशेने उघडे. मग बाणाजवळ कोण येणार? तळाशी असणारे: डिलीट, रीनेम, प्रॉपर्टीज. क्लिक तिथे पडायची. विंडोज ८ पासून फाइल पुसताना "नक्की का?" असं विचारणं मुळात बंदच असतं, त्यामुळे फाइल मुकाट्याने कचरापेटीत. शिवाय डिलीट आणि रीनेम एकमेकांना खेटून. मामाला दिवसातून पन्नासदा फाइलचं नाव बदलावं लागतं ('कदम फायनल', 'कदम फायनल २', 'कदम नक्की फायनल'), आणि थरथरत्या हाताला तेवढं अर्ध्या सेंटिमीटरचं अंतर पुरतं.

म्हणजे हाताचा दोष होता, पण चार आण्यांचा. बारा आणे मेनूचे.

उपाय करायला बसलो. निरसॉफ्टचा शेलएक्सव्ह्यू नावाचा छोटासा फुकट प्रोग्रॅम आहे. तो मशीनवरच्या सगळ्या शेल एक्स्टेंशन्सची यादी देतो आणि मायक्रोसॉफ्टची नसलेली गुलाबी रंगात दाखवतो. मामाच्या मशीनवर राइट-क्लिकमध्ये नाक खुपसणारे २३ गुलाबी निघाले. यातला आळशी कोण, हे एकेक बंद करून शोधायचं तर दुपार गेली असती. त्यापेक्षा निम्मे बंद करा, टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर पुन्हा सुरू करा, क्लिक करून बघा. मेनू चटकन आला तर आळशी बंद केलेल्यांत आहे, नाही तर चालू असलेल्यांत. मग त्या गटाचे पुन्हा निम्मे. डिक्शनरीत शब्द शोधताना आपण हेच करतो. २३ जणांत एक गुन्हेगार पाच फेऱ्यांत सापडतो. सापडला.

तो होता फोटोंचा बॅकअप घेणाऱ्या एका जुन्या प्रोग्रॅमचा अवशेष. प्रोग्रॅम कधीच काढून टाकलेला, डीएलएल आणि तिची नोंद मागे राहिलेली. तरी ती दहा सेकंद काय करते, या कुतूहलापोटी मी प्रोसेस मॉनिटर लावून पाहिलं (हे सिसइंटर्नल्सचं अवजार, एखादा प्रोग्रॅम कुठल्या फाइली आणि रजिस्ट्रीतल्या नोंदी चाळतो ते दाखवतं). बाई प्रत्येक राइट-क्लिकला नेटवर्कवरचं एक फोल्डर शोधत होती. ते फोल्डर होतं दुकानातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर. आणि दुसरा कॉम्प्युटर मामाने लॉकडाऊनमध्ये, २०२० साली, विकून टाकला होता. म्हणजे चार वर्षं दर क्लिकला विकलेल्या कॉम्प्युटरची हाक मारणं चालू होतं, आणि इकडे मामा स्वतःला म्हातारा समजत होता.

ती बंद केली. मेनू पापणी लवायच्या आत आला. मामाने लागोपाठ सात-आठ वेळा राइट-क्लिक केलं, काही काम नसताना.

मग बाकीची साफसफाई. यात माझं मत असं, की काहीही पुसू नये, फक्त बंद करावं. शेलएक्सव्ह्यूत एफ-७ ने बंद होतं, एफ-८ ने परत चालू, त्यामुळे उद्या कुणी "माझी अमुक ओळ कुठे गेली?" म्हणालं तर दोन मिनिटांचं काम. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या नोंदींना हात लावू नये. कुठली कशासाठी टेकू लावून उभी आहे सांगता येत नाही. रजिस्ट्रीच्या ज्या फांदीवर काम करायचं ती आधी एक्सपोर्ट करून ठेवावी. साध्या, पाटीवाल्या ओळींसाठी एक सुंदर सोय विंडोजमध्येच आहे: त्या नोंदीत 'एक्स्टेंडेड' नावाची रिकामी स्ट्रिंग टाकली की ती ओळ एरवी दिसत नाही, शिफ्ट दाबून राइट-क्लिक केलं तरच दिसते. म्हणजे सामान माळ्यावर टाकल्यासारखं. हवं तेव्हा काढता येतं, येता-जाता पायात येत नाही. डीएलएलवाल्यांना ही मात्रा लागू पडत नाही. आणि ते 'एका क्लिकमध्ये मेनू स्वच्छ करा' वाले प्रोग्रॅम शक्यतो टाळा. त्यांतले काही स्वतःचीच एक ओळ मेनूत टाकून बसतात.

'सेंड टू' मधली फॅक्सची ओळ काढली. मामाची आणखी एक जुनी तक्रार होती, की पुष्कळ फाइली एकदम निवडल्या की मेनूतून ओपन आणि प्रिंट नाहीसे होतात. तो बिघाड नाही. १५ पेक्षा जास्त फाइली निवडल्या की विंडोज मुद्दाम त्या ओळी लपवतं, चुकून शंभर खिडक्या उघडू नयेत म्हणून. रजिस्ट्रीत हा आकडा वाढवता येतो. डिलीट मात्र मेनूतून सरळपणे काढता येत नाही, ते एक्सप्लोररचं स्वतःचं आहे. म्हणून रिसायकल बिनच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन "पुसण्याआधी विचार" ही खूण चालू केली, आणि नाव बदलायला एफ-२ दाबायचं, हे एका कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलं. माउसची गरजच नको.

इथपर्यंत झालं ते कचरा काढणं. पण घर झाडल्यावर आपण बाहेर थोडेच उभे राहतो?

मी मामाला विचारलं, "एखादी फाइल हातात आली की तू तिचं काय काय करतोस?" त्याला प्रश्नच कळेना. मग म्हणाला, "काय करतोय? गिऱ्हाइकानं बदल सांगितला की आधी जुनी जपून ठेवतो, मग बदल करतो. प्रूफ पास झालं की छपाईच्या फोल्डरात टाकतो. तिथनं ऑफसेटवाला उचलतो." झालं की! तीन क्रियापदं, आणि त्यांतलं एकही त्या २३ जणांच्या यादीत नव्हतं.

ती बनवायला फार विद्या लागत नाही. रजिस्ट्रीत 'सिस्टिम फाइल असोसिएशन्स' अशी एक जागा आहे. तिच्याखाली एखाद्या एक्स्टेंशनच्या नावाने नोंद केली, की फाइल कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडत असली तरी आपली ओळ येते. मामाच्या फाइली कोरलड्रॉच्या, म्हणजे सीडीआर. त्याखाली 'शेल', त्याखाली आपल्या क्रियापदाची की, तिच्याखाली 'कमांड'. कमांडमध्ये टक्क्याचं चिन्ह आणि एक, असं लिहिलं की तिथे क्लिक केलेल्या फाइलचा पत्ता येतो. त्याला दुहेरी अवतरणचिन्हं हवीतच, नाहीतर 'कदम नक्की फायनल' चे तीन तुकडे पडतात. 'पोझिशन' मध्ये 'टॉप' लिहिलं की ओळ वर सरकते, डिलीटपासून लांब. सगळं एचकेसीयूखाली, म्हणजे फक्त त्या वापरणाऱ्यापुरतं केलं, तर ॲडमिनचा पासवर्डही लागत नाही. जुनी प्रत जपायच्या ओळीमागे पॉवरशेलची दोन ओळींची स्क्रिप्ट आहे: फाइलच्या नावाला तारीख-वेळ जोडून 'जुनं' नावाच्या फोल्डरात कॉपी.

आता ओळींची नावं. सवयीने मी इंग्रजीत लिहायला घेतली आणि मग थांबलो. रजिस्ट्री युनिकोड आहे. देवनागरीत का नको? (डॉट रेग फाइल बनवणार असाल तर नोटपॅडमध्ये एन्कोडिंग यूटीएफ-१६ एलई ठेवा, म्हणजे अक्षरांची प्रश्नचिन्हं होत नाहीत.) इनस्क्रिप्टमध्ये टाइप केलं, एंटर मारला, आणि मामाला म्हटलं, बघ.

मेनूत सगळ्यात वर तीन ओळी: 'जुनी प्रत जपा', 'प्रुफ काढा', 'छपाईला पाठवा'.

मामा बराच वेळ बघत राहिला. या माणसाने २५ वर्षं दुसऱ्यांचं मराठी जुळवलं, हजारो घरांची आमंत्रणं त्याच्या बोटांखालून गेली, पण कॉम्प्युटर त्याच्याशी कायम इंग्रजीतच बोलत आला. मला वाटलं आता काहीतरी हळवं बोलणार. मामा चष्मा वर करून म्हणाला, "प्रूफला रू दीर्घ पायजे."

दुरुस्त केलं.

दुकान बंद झालं नाही. कंप आहेच, तो काही रजिस्ट्रीतून जाणार नाही. औषध चालू आहे, कधी बरं असतं, कधी नाही. पण ४२ हजार वाचले आणि त्या हंगामातली एकही पत्रिका दुसऱ्यांदा टाइप करावी लागली नाही. मामी म्हणते, "आता रात्री जेवायला येतात वेळेवर."

मधे एक विघ्न आलं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून त्याच सुमारास मी मामाचं मशीन ११ वर नेलं. मशीन २०१९ चं, नशिबाने नियमात बसणारं. आता विंडोज ११ मध्ये, म्हणजे २०२१ पासून, राइट-क्लिकचा मेनू नवा आहे: आटोपशीर, कट-कॉपी-डिलीटसाठी एका रांगेत छोटी चित्रं. आपल्यासारख्यांनी रजिस्ट्रीत टाकलेल्या ओळी त्यात येत नाहीत, त्या 'शो मोअर ऑप्शन्स' च्या मागे जातात. नव्या मेनूत जागा हवी तर प्रोग्रॅमला रीतसर पॅकेजची ओळख दाखवून यावं लागतं. इंजिनिअर म्हणून मला हे पटतं. फुकट्यांची गर्दी थांबवायची तर दारावर कुणीतरी बसवायलाच हवा. पण दारवान बसला की त्याला घरचा आणि परका यात फरक कळत नाही, आणि मामाच्या तीन ओळी परक्यांबरोबर अंगणात. शिवाय ती छोटी चित्रं! थरथरत्या हातासाठी डिलीटचं इवलंसं चित्र म्हणजे पुन्हा तेच दुखणं.

यावर एक तोडगा आहे. एचकेसीयूखालच्या 'क्लासेस' मधल्या 'सीएलएसआयडी' मध्ये एका ठरावीक लांबलचक क्रमांकाची की करायची, तिच्याखाली 'इनप्रॉकसर्व्हर३२', आणि त्याची डिफॉल्ट किंमत रिकामी ठेवायची. त्यामुळे नव्या मेनूचा घटक सापडत नाही आणि एक्सप्लोरर मुकाट्याने जुना मेनू दाखवतो. ही अधिकृत सोय नाही, चोरवाट आहे, एखाद्या अपडेटमध्ये बुजूही शकते. तसं झालं तर शिफ्ट धरून राइट-क्लिक केल्यावर जुना मेनू येतो, हे मॉनिटरवरच्या कागदावर एफ-२ च्या खाली लिहून ठेवलंय.

माझ्या स्वतःच्या मशीनवर आता ९ ओळी आहेत. त्यातली एक मी मुद्दाम टाकली: 'घरी पाठव', जी निवडलेली फाइल घरच्या सर्व्हरवर कॉपी करते. ऑफिसातल्या एका तमिळ सहकाऱ्याने खांद्यावरून पाहिलं आणि विचारलं, हे काय लिहिलंय? सांगितल्यावर म्हणाला, तमिळमध्ये पण होईल का? पंधरा मिनिटांत त्याच्या मेनूतही त्याच्या लिपीत एक ओळ आली. काय लिहिलंय ते मला सांगितलं नाही, नुसता हसत होता.

काल मामाचा फोन आला होता. म्हणाला, "भाचेबुवा, राइट-क्लिकात 'उधारी' अशी एक ओळ टाकता येईल का? फाइलीवर दाबलं की ज्याची पत्रिका त्याची बाकी दिसली पायजे." म्हटलं, मामा, त्यासाठी आधी बाकी कुठेतरी लिहिलेली लागते. तर म्हणे, "वहीत हाय की! लाल वहीत."

पुढच्या शनिवारी जातोय. लाल वही किती जाड आहे बघतो.